कोयनेल आणि हृदयाचा ठोका

आमच्या लहानपणीं, म्हणजे १९७० नंतरच्या दशकांत, हिंवताप-निर्मूलनाचा कर्मचारी घरोघर येत असे. ताप आलेल्या माणसाच्या बोटास सुई टोंचून तो कांचेच्या पट्टीवर रक्ताचा थेंब घेई, भिंतीवर तारीख लिही आणि क्लोरोक्विनच्या कडू गोळ्या हातावर ठेवी. १९७६ सालीं देशांत हिंवतापाचे ६४ लाखांहून अधिक रोगी नोंदले गेले होते. तेव्हां ही गोळी ज्या घरानें चाखली नाहीं असें घर विरळाच. आमची आजी मात्र त्या गोळीस क्लोरोक्विन म्हणत नसे. ती म्हणे ‘कोयनेल’. रसायनशास्त्राच्या दृष्टीनें ही चूक होती. इतिहासाच्या दृष्टीनें ती फारशी चुकत नव्हती असें आतां वाटतें. साहेबाचें क्विनाईन, म्हणजेच आजीचें कोयनेल, आणि त्यामागून आलेलीं क्लोरोक्विन व हायड्रॉक्सिक्लोरोक्विन हीं एकाच परंपरेंतील औषधें होत. आणि हिंवतापाखेरीज आणखी एका ठिकाणीं त्यांचा हात पोंचतो. तें ठिकाण म्हणजे मनुष्याच्या हृदयाचा ठोका.

या परंपरेची आठवण आम्हांस पुन्हां झाली ती एप्रिल २०२० मध्यें. आमच्या वडील भगिनी संधिवातासाठीं कित्येक वर्षें हायड्रॉक्सिक्लोरोक्विन घेत आल्या होत्या. त्यांच्या डबीतील गोळ्या संपत आल्या आणि पाहतों तों एकाही औषधाच्या दुकानांत ती गोळी मिळेना. करोनावर तीच रामबाण, अशी वार्ता उठली होती. शेवटीं शेजारच्या एका वृद्ध गृहस्थांनीं आपल्या कपाटांतून दहा गोळ्यांची पट्टी काढून दिली. ‘घरांत असाव्यात’ म्हणून त्यांनीं ती मार्चमध्येंच आणून ठेविली होती. त्यांच्या नाडीची गति अनियमित असल्यामुळें त्यांस आधींच एक औषध चालू होतें. ज्या गोळीवांचून आमच्या भगिनींची बोटें सकाळीं वळत नसत, तीच गोळी या गृहस्थांनीं डॉक्टरांस न विचारतां घेतली असती तर त्यांच्या जिवावर बेतण्याचा संभव होता. ही गोष्ट त्या दिवशीं त्यांस ठाऊक नव्हती, आणि लाजेनें सांगावयास हवें कीं, आम्हांसही नव्हती. पुढें टाळेबंदीच्या रिकाम्या दिवसांत आम्ही या औषधाचें पूर्वचरित्र वाचूं लागलों, तेव्हां कळलें कीं हा धोका कालपरवां सांपडलेला नाहीं. तो जगास चांगला शंभर वर्षांपासून माहीत होता.

दक्षिण अमेरिकेंतील अँडीज पर्वताच्या उतारावर सिंकोनाचीं झाडें उगवतात. त्यांची साल तापावर गुणकारी आहे ही गोष्ट सतराव्या शतकांत जेझुइट पाद्र्यांच्या द्वारें युरोपास कळली. पेरूच्या व्हाइसरॉयची पत्नी, चिंचोनची काउंटेस, या सालीनें बरी झाली अशी एक कथा रूढ होती. १७४२ सालीं लिनीयसनें झाडास तिचेंच नांव दिलें, आणि देतांना त्यांतील एक अक्षर गाळलें. कथा खरी नव्हती हें पुढें सिद्ध झालें; अशुद्ध लिहिलेलें नांव मात्र टिकलें. १८२० सालीं पेलतिए व काव्हांतू या दोघां फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनीं सालींतून क्विनाईन वेगळें काढलें. साम्राज्य राखण्यास तें बंदुकीइतकेंच आवश्यक ठरल्यामुळें १८६० मध्यें क्लेमेंट्स मार्कहॅम यानें सिंकोनाचीं रोपें व बीं हिंदुस्थानांत आणविण्याची मोहीम काढली. निलगिरींत व दार्जिलिंगच्या डोंगरांत मळे उभे राहिले. आपल्याकडे महाबळेश्वरास लिंगमळा येथेंही सरकारनें लागवड करून पाहिली, परंतु तेथें तिनें मूळ धरलें नाहीं. १८९२ पासून बंगालमध्यें क्विनाईनच्या पुड्या पोस्टाच्या खिडकीवर पैशाला एक अशा मिळूं लागल्या. ज्या खिडकीवर कार्ड-पाकिटें मिळत तेथेंच हें कडू औषध मिळे. त्यामुळें लोक त्याकडे मिठासारखी एक नेहमींची वस्तु म्हणून पाहूं लागले, आणि वस्तु नेहमींची झाली म्हणजे तिच्याविषयीं भय उरत नाहीं.

या सालीचा हृदयाशीं असलेला संबंध प्रथम ओळखला तो फ्रान्समधील सेनाक नांवाच्या वैद्यानें. १७४९ सालीं त्यानें हृदयाची रचना, क्रिया व विकार यांवर एक मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला आणि कशासही न जुमानणाऱ्या छातीच्या धडधडीवर सिंकोनाची साल द्यावी असें सुचविलें. ही सूचना पुढें दीडशें वर्षें जवळजवळ अडगळींत पडून राहिली. ती बाहेर काढली एका डच व्यापाऱ्यानें. ही गोष्ट १९१२ सालची. हृदयाच्या अनियमित गतीचा अभ्यास करणारा विख्यात डॉक्टर वेंकेबाख याच्याकडे हा व्यापारी आला. त्याची नाडी मधूनमधून बेताल होई. वेंकेबाखनें सांगितलें कीं, यावर आपल्यापाशीं खात्रीचा उपाय नाहीं. व्यापाऱ्यानें उत्तर दिलें कीं, उपाय आपणांपाशीं आहे. उद्यां सकाळीं ताल सुधारून दाखवितों. दुसऱ्या दिवशीं तो आला तेव्हां नाडी घड्याळासारखी चालत होती. हा मनुष्य हिंवतापाच्या मुलखांत राहिलेला. तेथें क्विनाईन घेतां घेतां त्यास हा शोध लागला होता कीं, एक ग्रॅम क्विनाईन घेतलें म्हणजे बिघडलेला ठोका ताळ्यावर येतो. वेंकेबाखनें १९१४ च्या आपल्या ग्रंथांत ही हकीकत मोकळेपणानें नमूद केली. रोग्यापासून शिकलों असें छापील सांगण्यास जें मोठें मन लागतें तें या डॉक्टरापाशीं होतें.

इतर रोग्यांवर मात्र क्विनाईनचा तसा उपयोग क्वचितच झाला. तेव्हां १९१८ मध्यें वाल्टर फ्राय या डॉक्टरानें सालींतील निरनिराळीं सत्त्वें पडताळून पाहिलीं व त्यांत क्विनिडीन सर्वांत प्रभावी आहे असें ठरविलें. क्विनाईन आणि क्विनिडीन हीं सख्खीं भावंडें. दोघांत अणु तेच व तितकेच. रचनेंत दोन ठिकाणीं दिशा तेवढी उलट. योगायोग असा कीं, याच १९१८ सालीं इन्फ्लुएंझाच्या सांथीनें जग ग्रासलें होतें, आणि देशोदेशींचे डॉक्टर दुसरें कांहीं हाताशीं नसल्यामुळें त्या रोग्यांस क्विनाईन देत होते. विषाणूच्या तापावर हिंवतापाचें औषध देण्याचा मोह तेव्हांपासूनचा आहे.

क्विनिडीननें अनेकांचा बेताल ठोका तालावर आला. पण थोड्याच वर्षांत दुसरी बाजू दिसूं लागली. औषध सुरू केल्यावर कांहीं रोगी एकाएकीं मूर्च्छित होत. कांहीं पुन्हां उठतच नसत. औषधाच्या प्रमाणावर खापर फोडावें, तर साधारण मात्रेवरही हें घडे. लायडनच्या आइन्थोवेननें हृदयांतील विजेचा आलेख काढण्याचें यंत्र विसाव्या शतकाच्या आरंभीं सिद्ध केलें होतें आणि त्यासाठीं त्यास १९२४ चें नोबेल पारितोषिक मिळालें होतें. त्या आलेखासच आपण आज ईसीजी म्हणतों. या यंत्राच्या साह्यानें १९६४ सालीं सेल्झर व रे या अमेरिकन डॉक्टरांनीं दाखवून दिलें कीं, क्विनिडीनच्या मूर्च्छेच्या क्षणीं हृदयाचे खालचे कप्पे ठोके देण्याचें सोडून नुसते थरथरत असतात. दोन वर्षांनीं, १९६६ मध्यें, देसर्तेन या फ्रेंच डॉक्टरानें एका ८० वर्षांच्या बाईच्या आलेखांत एक विलक्षण आकृति पाहिली. आलेखाचीं टोकें दोरीस पीळ घालावा तशीं आंसाभोंवतीं फिरत होतीं. त्यानें या आकृतीस ‘तोर्साद द प्वांत’, म्हणजे ‘टोकांचे पीळ’, असें नांव दिलें. त्या बाईचें कारण वेगळें होतें. पण क्विनिडीनच्या मूर्च्छेंत पुष्कळदां हाच पीळ असतो हें लौकरच कळून आलें.

असें कां व्हावें? ज्यांनीं विहिरीवरची मोट पाहिली आहे त्यांस हें समजण्यास अडचण पडूं नये. बैल उतारानें पुढें जातात तेव्हां भरलेली मोट वर येते. मग ते मागल्या पावलीं परततात, मोट खालीं जाऊन भरते, आणि नंतरच दुसरी खेंच. बैल अर्ध्या वाटेवर असतांच कोणी पुढची हांक दिली तर पाणी वर येणार नाहीं आणि सोंदूर गुंतेल. हृदयाचेंही तसेंच आहे. प्रत्येक ठोक्यानंतर स्नायूंच्या पेशींस मूळपदावर यावें लागतें. पेशींतून पोटॅशियमचे कण ठराविक दारांनीं बाहेर पडतात, तेव्हां ती पुढल्या ठोक्यास सिद्ध होते. सिंकोनाच्या परंपरेंतील हीं औषधें नेमकें हें दार कांहीं अंशीं अडवितात. परतीची वाट लांबते, आणि मधेंच एखादा अवेळीं ठोका पडला तर पीळ बसण्यास निमित्त मिळतें. आलेखांत क्यू पासून टी पर्यंतचें जें अंतर, त्यावरून ही वाट मोजतां येते. नाडीच्या वेगाचा हिशेब करून तें साधारणपणें ०·४५ सेकंदाच्या आंत असावें. अर्ध्या सेकंदाच्या पुढें गेलें कीं डॉक्टर सावध होतात. क्विनिडीननें ताल सुधारणें आणि त्याच क्विनिडीननें ताल बिघडणें या दोन गोष्टींच्या मुळाशीं पेशींची ही एकच अडवणूक बव्हंशीं आहे. गुण आणि दोष वेगळे करून एक ठेवावा व दुसरा फेंकावा, अशी सोय तेथें नाहीं.

आतां क्लोरोक्विनकडे वळूं. १९३४ सालीं बायर कंपनीच्या एल्बरफेल्ड येथील प्रयोगशाळेंत हान्स आन्डरसाग यानें तें प्रथम बनविलें. पण मनुष्यास फार विषारी म्हणून तें बाजूस ठेवण्यांत आलें. दुसऱ्या महायुद्धांत, १९४२ मध्यें, जपाननें जावा बेट घेतलें आणि जगांतील सिंकोनाचा बहुतेक पुरवठा दोस्त राष्ट्रांच्या हातून गेला. तेव्हां अमेरिकेंत हजारों रसायनें पडताळून पाहण्याचा उद्योग झाला, त्यांत हेंच टाकलेलें औषध पुन्हां हातीं आलें व १९४६ मध्यें क्लोरोक्विन नांवानें प्रतिष्ठित झालें. त्याचें सौम्य रूप हायड्रॉक्सिक्लोरोक्विन १९५५ पासून अमेरिकेंत वापरांत आलें, आणि संधिवात व ल्यूपस या विकारांत त्यानें असंख्य रोग्यांस, आमच्या भगिनींसारख्यांस, मोठा आराम दिला आहे. योग्य मात्रेंत, डॉक्टरांच्या नजरेखालीं, तें सुरक्षित औषध गणलें जातें, आणि तें यथार्थच आहे. परंतु क्लोरोक्विनची मात्रा अतिरिक्त झाली तर मृत्यु बहुधा हृदयाच्या वाटेनें येतो, हेंही डॉक्टरांच्या पुस्तकांत फार दिवस लिहिलेलें आहे.

हा प्रश्न एका कुळापुरता नाहीं हें १९९० नंतरच्या दशकांत कळलें. टर्फेनाडीन हें शिंकांवरचें निरुपद्रवी समजलें जाणारें औषध कांहीं विशिष्ट औषधांबरोबर घेतलें असतां तोच पीळ बसूं लागला, आणि अखेर तें बाजारांतून काढावें लागलें. पोटॅशियमचें तें दार ज्या गुणसूत्रांशानें घडतें त्याचा ठाव याच सुमारास लागला. ईथर हुंगविल्यावर पाय थरथरवीत नाचणाऱ्या माशांवरून त्यास ‘ईथर-अ-गो-गो’ असें विनोदी नांव पडलें होतें. तेव्हांपासून प्रत्येक नवें औषध या दाराशीं कसें वागतें हें आधीं तपासण्याचा दंडक पडला. तरीही दोन औषधांच्या संगतीनें काय घडेल हें पुष्कळदां रोग्यांवरच कळतें. यकृतदाहाच्या ‘सी’ विषाणूवर सोफोसबुव्हिर हें खरोखर मुळापासून बरें करणारें औषध निघालें. परंतु तें दुसऱ्या एका विषाणुनाशकासह, हृदयाच्या तालासाठीं अमियोडॅरोन घेणाऱ्या रोग्यांस दिलें असतां ठोका धोकादायकपणें मंदावतो, असा इशारा २०१५ मध्यें अमेरिकन औषध-प्रशासनानें दिला. तो नऊ रोग्यांच्या हकीकतींवर आधारलेला होता. त्यांतील एक दगावला व तिघांस पेसमेकर बसवावा लागला. नऊच रोगी, पण कोणीतरी ते मोजले म्हणून पुढचे वांचले.

इतकी पूर्वपीठिका ध्यानांत घेतली म्हणजे २०२० सालचा प्रकार अधिक खेदजनक वाटतो. क्लोरोक्विन कांचपात्रांतील विषाणूंस आवरतें हें जुनेंच निरीक्षण. सार्सच्या विषाणूवर तें २००४ व २००५ मध्यें पाहिलें गेलें होतें. परंतु रियुनियन बेटावरील चिकुनगुन्या असो, व्हिएतनाममधील डेंग्यू असो, कीं सिंगापुरांत पाहिलेला इन्फ्लुएंझा असो, मनुष्यांवर कसोशीनें प्रयोग करतां उपयोग दिसला नव्हता. असें असतां मार्च २०२० मध्यें मार्सेय येथून एक निबंध प्रसिद्ध झाला. औषध दिलेले २६ रोगी. त्यांतील सहा हिशेबांतून वगळलेले. त्या सहांपैकीं तिघे अतिदक्षता विभागांत गेले होते, एक मरण पावला होता, एकानें मळमळीमुळें औषध सोडलें होतें व एक रुग्णालय सोडून गेला होता. उरलेल्या २० जणांची इतर १६ जणांशीं तुलना करून, औषधानें नाकांतील विषाणु लौकर नाहींसा होतो असें सांगण्यांत आलें. त्यांतील सहाजणांस अझिथ्रोमायसिनही दिलें होतें. हें जंतुनाशकही हृदयाची परतीची वाट लांबवूं शकतें असा इशारा २०१३ मध्येंच मिळाला होता. म्हणजे एकाच दाराशीं दोन पहारेकरी उभे केले गेले.

त्यानंतर काय झालें तें वाचकांनीं डोळ्यांनीं पाहिलें आहे. अमेरिकेच्या अध्यक्षांनीं औषधाची जाहीर वाखाणणी केली. आपल्याकडे भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेनें मार्चच्या चौथ्या आठवड्यांत आरोग्यसेवकांस व रोग्यांच्या घरच्या माणसांस प्रतिबंधक म्हणून तें सुचविलें. मुंबईंत धारावी-वरळीच्या वस्तींत तें वांटण्याचा विचार झाला व पुढें स्थगित राहिला. या सर्वांस आम्ही सरसकट दोष देणार नाहीं. घर पेटलें असतां मनुष्य हातीं येईल तें भांडें उचलतो. पण भांड्यांत पाणी आहे कीं रॉकेल आहे हें पाहण्यास फार वेळ लागत नाहीं, आणि तें पाहण्याचें साधन, ईसीजीचें यंत्र, तालुक्याच्या गांवींही उपलब्ध होतें.

धोका प्रथम आंकड्यांत दिसला तो ब्राझीलमधील मानाउस शहरीं. तेथें ८१ रोग्यांचे दोन गट करून क्लोरोक्विनची मोठी व लहान मात्रा देण्यांत आली. तेराव्या दिवसापर्यंत मोठ्या मात्रेच्या ४१ रोग्यांपैकीं १६ मरण पावले, लहान मात्रेच्या ४० पैकीं ६. मोठ्या मात्रेच्या गटांत हृदयविकाराचे व उतारवयाचे रोगी अधिक होते हें सांगितलें पाहिजे; तथापि आलेखांतील अंतर अर्ध्या सेकंदापलीकडे गेलेले रोगीही त्याच गटांत अधिक होते, आणि मोठी मात्रा तत्काळ थांबविण्यांत आली. मग २२ मे रोजीं ‘लॅन्सेट’ या साप्ताहिकांत ९६,००० हून अधिक रोग्यांच्या माहितीवर आधारलेला निबंध आला: या औषधांनीं मृत्यु व हृदयाचे बिघाड वाढतात! ज्यांस आधींपासून शंका होती त्यांस हा मोठाच आधार वाटला. पण ती माहिती कोणास तपासावयास मिळेना, आणि ४ जून रोजीं निबंध मागें घ्यावा लागला. आमच्या मतें या प्रकरणांतील सर्वांत कडू घोट हाच. आपल्या बाजूचा म्हणून खोटा पुरावा गोड मानावा, हा मोह दोन्ही पक्षांस सारखाच होता.

खरा निकाल दिला तो इंग्लंडमधील ‘रिकव्हरी’ नांवाच्या प्रयोगानें. कोणास औषध द्यावें हें तेथें चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणें ठरविलें जाई, त्यामुळें डॉक्टराच्या आशेस वा भीतीस त्यांत शिरण्यास जागा नव्हती. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन घेतलेले १,५६१ आणि न घेतलेले ३,१५५. अठ्ठावीस दिवसांत पहिल्यांत शेंकडा २७ व दुसऱ्यांत शेंकडा २५ मृत्यु. म्हणजे उपयोग नाहीं. हृदयाच्या तालाचे मोठे बिघाडही तेथें भीति होती तितके दिसले नाहींत. हें दुसरें सत्य कित्येकांस गैरसोयीचें वाटलें, म्हणून तें आम्ही मुद्दाम नोंदवितों. मात्र ज्या औषधाचा लाभ शून्य, त्याचा लहानसा धोकाही महागच; विशेषतः ताप, जुलाब, उतारवय व विषाणूनें स्वतःच दुखावलेलें हृदय एकत्र आल्यावर. अमेरिकेनें २८ मार्चला दिलेली तातडीची परवानगी १५ जूनला काढून घेतली, आणि दुसऱ्याच दिवशीं त्याच ‘रिकव्हरी’नें जाहीर केलें कीं, डेक्सामेथासोन या जुन्या व स्वस्त औषधानें श्वासयंत्रावरील रोग्यांचे मृत्यु सुमारें एकतृतीयांशानें घटतात. ज्या तराजूनें एकास नाकारलें त्याच तराजूनें दुसऱ्यास निवडलें. मार्सेयचा तो निबंध डिसेंबर २०२४ मध्यें मागें घेण्यांत आला, पावणेपांच वर्षांनीं.

सेनाकची सूचना दीडशें वर्षें विसरली गेली, तेव्हां नुकसान झालें तें उपचाराचें. क्विनिडीनची मूर्च्छा विसरली गेली, तेव्हां नुकसान सावधपणाचें झालें. डच व्यापाऱ्यानें एका हृदयावर पाहिलेलें खरें निघालें आणि मार्सेयच्या २० जणांवर पाहिलेलें खोटें, हें कशामुळें? वेंकेबाखनें व्यापाऱ्याचा अनुभव खरा मानूनही तो इतर रोग्यांवर पडताळून पाहिला, आणि जेथें साधलें नाहीं तेथें साधलें नाहीं असेंच लिहिलें. एकाचें औषध सर्वांचें औषध होण्यास मधें हें एवढें काम करावें लागतें. तें कंटाळवाणें असतें, त्यास टाळ्या मिळत नाहींत, आणि सांथीच्या दिवसांत तर तें निर्दयपणासारखें दिसतें.

शेजारच्या त्या गृहस्थांच्या दहा गोळ्यांवर आमच्या भगिनींचे पांच दिवस निघाले. तोंवर दुकानांत थोडा पुरवठा आला. गृहस्थ आजही रोज सकाळीं फिरावयास जातात. परवां त्यांनीं सहज विचारलें, ‘त्या गोळ्यांचा गुण आला ना?’ आम्ही म्हटलें, ‘दोघांसही आला.’ ते हंसले. पण दुसरा कोण, हें मात्र त्यांनीं विचारलें नाहीं.